मामाचं खारं पाणी

रविवारी सकाळी जठारपेठेतल्या माझ्या खोलीची बेल वाजली. दार उघडलं तर मामा. घामाघूम… आणि दोन्ही हातांत तेलाच्या पाच-पाच लिटरच्या कॅन.

"घे वं बाई. तुयं खारं पाणी."

थोडं मागे जाऊन सांगते.

मी अकोल्यात एकटी राहते, घरूनच काम करते. माझ्याकडे समुद्राच्या पाण्याची तीन फुटांची टाकी आहे. त्यात एक क्लाउनफिश, थोडी प्रवाळं आणि एक समुद्रफूल. दिवसभरात मी ज्यांच्याशी बोलते ती एवढीच मंडळी… आणि कधी कधी भाजीवाल्या काकू.

समुद्रफूल नावालाच फूल, खरं तर जनावर. दगडाला पाय चिकटवून बसतं आणि मनात आलं की चालायला लागतं. प्रवाळ बिचारं जागचं हलत नाही. आणि फुलाचा नुसता स्पर्श झाला तरी ते भाजून निघतं… म्हणून दोघांना एकत्र ठेवायचं तर मध्ये जागा सोडावी लागते. मी चांगली दोन वीत सोडली होती.

शुक्रवारी आईकडे अमरावतीला गेले. शनिवारी दुपारी परत आले तर मध्ये लाइट जाऊन आलेली, आणि पाणी फिरवणारा पंप काही परत सुरू झालेला नव्हता. फूल जागेवर नाही! शोधलं, तर माझ्या हॅमर कोरल नावाच्या प्रवाळाला बिलगून बसलेलं. एक सेकंद वाटलं, अरे वा, दोस्ती झाली…

मग जवळ जाऊन पाहिलं. कोरलच्या चार तोंडांपैकी तीन विरघळली होती. चौथं गच्च मिटलेलं.

या खोलीत राहायला आले त्याच महिन्यात ते आणलं होतं. तेव्हा एकच तोंड होतं त्याला.

पंप सुरू केला. फुलाला ओढलं तर त्याचा पाय फाटतो, म्हणून हॅमरच उचलून दुसऱ्या टोकाला नेलं आणि वर फळांची जाळीची टोपली उपडी घातली. विरघळलेल्या तोंडांनी पाणी नासत होतं, ते आता बदलायला हवं होतं, नाहीतर चौथं तोंडही गेलं असतं. हे पाणी मी घरीच बनवते, आरओच्या पाण्यात समुद्री मीठ घालून. आणि नेमका आमचा आरओवाला बाहेरगावी! लांबच्या दुकानातून जड जार एकटीने आणणं मला जमण्यासारखं नव्हतं. रडकुंडीला येऊन आईला फोन केला… खारं पाणी करायला पाणीच नाही गं.

आईने तिच्या भावाला फोन केला. मामाचं गाव मूर्तिजापूरकडे, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणीच मुळात खारट. माझं वाक्य तिथपर्यंत पोचता पोचता एवढंच उरलं… पोरीले खारं पाणी पाहिजे.

मामाने पहिली एसटी पकडली.

मी मामाला समजावत होते. समुद्राचं खारं वेगळं असतं, त्यातले क्षार वेगळे असतात. शिवाय कॅन तेलाच्या…

"खारं थे खारंच ना वं! त्याईले काय चहा कराचा हाये?"

मग स्वतःच हसला आणि टाकीसमोर बसला. हे फूल तिकडं गेलंच कावून, म्हणे. मी म्हटलं, पंप बंद पडला, पाणी हलेना, म्हणून दुसरी जागा शोधत निघालं.

"म्हंजे भांडाले नवतं गेलं."

"नाही."

"एकटं पडलं अशीन."

मी चहा ठेवायला उठले.

चहा झाल्यावर मामाने विचारलं, "मंग गोडं पाणी कुठी भेटते, थे सांग." आणि तासाभरात ऑटोत आरओचे दोन जार घेऊन आला. मीठ मी मोजलं, ढवळत मामा बसला. दुपारपर्यंत पाणी बदलून झालं आणि मामा एसटीला गेला. मी दोन कप धुतले… एरवी एकच असतो.

मामाने आणलेलं ते दहा लिटर पाणी तसंच पडून होतं. बेसिनमध्ये ओतायला गेले आणि कॅन तशीच खाली ठेवली.

आमच्याकडच्या उन्हात टाकीचं पाणी तापतं. मी बर्फाच्या बाटल्या झाकण घट्ट लावून त्यात सोडते. या वेळी बाटल्या मामाच्या पाण्याने भरल्या, फ्रीजरमध्ये ठेवल्या. आता रोज दुपारी एक टाकीत तरंगत असते. एक थेंब मिसळत नाही… पण टाकी थंड राहते.

काल फोन आला. "टाकलं का वं पाणी?"

"टाकलं मामा."

खोटं नाही बोलले. आज हॅमरचं चौथं तोंड अर्धं उघडलंय. थँक यू मामा… एवढ्या उन्हात माझ्यासाठी समुद्र घेऊन आलास.