हात थरथरायला लागला तेव्हा

गेल्या हिवाळ्यात आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर ऊन खात बसले होते. भरतकामाचा दोरा सुईत ओवताना त्याचं टोक नेढ्यापाशी नाचायला लागलं. थंडीने असेल, म्हणून हात शालीत घेतले. पुन्हा ओवायला गेले, पुन्हा तेच.

माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी सही बिघडली, मग हातातली कपबशी वाजायला लागली. शेवटी आई त्यांना भरवायची, आणि ते तोंड भिंतीकडे फिरवून घास घ्यायचे.

मी कुणालाच सांगितलं नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. "आजकाल भरायला बसत नाहीस?" नवऱ्याने विचारलं, तर म्हटलं, डोळे दुखतात.

त्यातच गुडगावहून लेकीचा फोन आला. तिला सातवा लागला होता.

"आई, बाळासाठी काहीतरी हाताने केलेलं दे ना."

"कुंची करते," मी सवयीने बोलून गेले.

"कुंची म्हणजे?"

"बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती. तुलाही होती."

"अच्छा, फोटोतली! बिल्कुल, तीच कर."

फोन ठेवला. काय देणार होते मी तिला?

एका दुपारी ठरवलं, भरतकामाचं सामान कुणाला तरी देऊन टाकायचं. समोर असलं की जीव घाबरतो. दिवाणाच्या पोटातली पेटी काढली आणि जुनी कामं पलंगावर पसरली. शाळेत केलेला टाक्यांचा नमुना निघाला. लग्नाआधी भरलेला मोरांचा टेबलक्लॉथ निघाला. मोराचा एकेक टाका इतका सारखा, की तो बघून आणखीच भीती वाटली. तो हात आता परत मिळणार नव्हता.

तळाशी उशीचा एक अभ्रा होता. मानेसरच्या शाळेत शिकवायला जायचे, तेव्हा बसमध्ये भरलेला. खड्ड्यांनी एक टाका लांब, दुसरा आखूड, तिसरा तिरका. तेव्हा तो मला आवडला नव्हता, कधी वापरलाच नाही. आता खिडकीपाशी नेऊन पाहिला. त्यावरची पानं वाऱ्याने हलल्यासारखी दिसत होती. त्याच्या शेजारी माझे ते मोर छापल्यासारखे वाटले.

सामान द्यायचं राहिलं. जाड दोरा आणि मोठ्या नेढ्याची सुई घेतली, मऊ सुती कापडावर कडुलिंबाची डहाळी काढली आणि साध्या धावदोऱ्याने पानं भरायला लागले. दोन-तीन पानं जमली. मग हात असा काही थरथरला की सुई बोटात घुसली आणि मला रडू कोसळलं.

नेमका तेव्हाच नवरा ऑफिसमधून आला.

"काय झालं? हात दाखव."

मी हात पुढे केला.

"बाबांसारखं?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही. मला फार भीती वाटते."

डॉक्टरांकडे तोच घेऊन गेला. त्यांनी मला कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, बोटं आपटायला लावली, चालून दाखवायला सांगितलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

"अभी वैसा नहीं लगता," ते म्हणाले. "कुछ महीने बाद फिर देखेंगे."

'अभी' हा शब्द मी घरी घेऊन आले. निघताना विचारलं होतं, भरतकाम करू का? "रोज़ कीजिए," म्हणाले.

नवरा रोज ऑफिसला जाण्याआधी सुयांमध्ये दोरे ओवून ठेवायचा. कुंची वेळेवर झाली. पण नात मांडीवर घ्यायची वेळ आली तेव्हा मी मागे सरले. लेकीला तोवर सगळं सांगितलं होतं. तिने माझ्या कोपराखाली उशी सरकवली आणि म्हणाली, "घे गं, मी आहे ना इथे." घेतलं. बाळ झोपूनच राहिलं. मीच श्वास रोखून बसले होते.

आता पुन्हा डॉक्टरांकडे जायची वेळ आली आहे. सकाळी जाग आली की आधी हाताकडे बघते. सध्या शाळेतला तो नमुना समोर ठेवला आहे. त्यात गाठीचे टाके आहेत. त्याला हात स्थिर लागतो, म्हणून अजून धीर झालेला नाही. पण गाठ सैल पडली तर तिची कळी होईल का, हे एकदा करून बघायचं आहे.