हाकेला ओ

माझा स्वभाव मुळातच तिखट, आणि वाट्याला आलं ते मुक्या माणसांशी गोड बोलण्याचं काम. सोलापुरात नर्सिंग शिकत असताना आमच्या मेट्रनबाईंनी एक नियम डोक्यात पक्का ठोकला होता. बेशुद्ध माणसाला न सांगता हात लावायचा नाही. माणूस निजलेला असला तरी त्याचे कान जागे असतात. कूस वळवायची तर आधी सांगायचं, अंग पुसायचं तर आधी विचारायचं, आणि हाक मारायची ती नावानं. नियम मला पटला होता. वॉर्डातल्या लोकांना मात्र तो पटायला फार वेळ लागला.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी रुजू झाले. पुरुषांचा वॉर्ड सोळा खाटांचा. तिथं मी बेशुद्ध माणसाशी बोलायला लागले की खोकणारे खोकला थांबवून ऐकायचे. "दादा, पाठ पुसते हं," असं मी म्हटलं की चौथ्या खाटेवरून उत्तर यायचं, "पुसा की, कोन नगं म्हनतंय!" मी डोळे वटारायची. ते हसायचे आणि हसताना टाके दुखले म्हणून मलाच दोष द्यायचे.

अशात तामलवाडीकडचा एक शेतकरी आला. वय तिशीच्या पुढचं. कडब्याच्या गंजीवरून डोक्यावर आपटला होता. शेजाऱ्यांनी आणून खाटेवर ठेवलं आणि त्याच पावली परत गेले. मागं राहिली ती एकटी बायको, पदर नाकापर्यंत ओढलेली, खाटेच्या पायाशी जमिनीवर बसून. डॉक्टरांनी भुवईच्या हाडावर अंगठा दाबला की तो कण्हायचा, पण हाकेला ओ देत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, नाव घेऊन बोलवत राहा. ओ दिली की मला कळवा."

मी कागद उचलला, त्यावरचं नाव वाचलं आणि सुरू केलं. त्याचं नाव घेऊन म्हणायची, "ऐकू येतं का? ओठ ओले करते, तोंड उघडा." "ऐकू येत असेल तर माझं बोट दाबा." "आता डाव्या कुशीवर वळवते हं." दोन दिवस घसा फुटेस्तोवर हेच चाललं. त्याची पापणी हलली नाही. पण अकराव्या खाटेवरचा हर्नियाचा म्हातारा दर हाकेला "जी" म्हणायचा, तोंड उघडायचा, हवेत बोट दाबायचा आणि कण्हत कण्हत डाव्या कुशीवर व्हायचा. मी त्याला चावट समजून दोनदा चांगलं झापलं. दुसऱ्यांदा तो काकुळतीला येऊन म्हणाला, "बाई, तुमी म्हनता तसंच करायलोय की. टाके तुटायलेत माझे." मग कुठं कळलं की त्या बिचाऱ्याचं नावच ते होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेतकऱ्याचा वेगळा राहणारा थोरला भाऊ आला. दारातच थबकून त्यानं माझी हाक ऐकली आणि विचारलं, "हे कुनाला बोलवायलाव?"

"तुमच्या भावाला."

"त्याचं नाव हे न्हाय."

मग उलगडा झाला. दाखल करताना कारकुनानं बायकोला नाव विचारलं होतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. ती गप्प. कारकून म्हणाला, बिननावाचा माणूस दाखल होत न्हाय. तेव्हा तिनं सांगितलं, देवाचं नाव हाय. कंच्या देवाचं? डोंगरातल्या. कारकून येडशीचा, तिथंही डोंगरात देऊळ. त्याच्या लेखी जगात डोंगर एक आणि त्यातला देवही एकच. तामलवाडीच्या बाईचा डोंगर निराळा असेल आणि त्यातला देवही निराळा, हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. त्यानं आपल्या देवाचं नाव लिहून मोठ्यानं वाचून दाखवलं, तिनं लाजेनं मान खाली घातली आणि त्यानं तो होकार धरला. हे चुकलंय असं ती म्हणाली असती, तर बरोबर काय तेही तिलाच सांगावं लागलं असतं.

माझं डोकं फिरलं. "अहो बाई, दोन दिवस मी भलत्याच माणसाला बोलावतेय आणि तुम्ही ऐकत बसलात?"

ती पदराआडून हळूच म्हणाली, "मला वाटलं दवाखान्यात नवं नाव ठिवत्यात. लग्नात आमचं न्हाय का बदलत?"

मी कागदावरचं नाव खोडलं.

थोरल्यानं भावाच्या कानाशी वाकून खरं नाव घेतलं. मीही घेतलं. काही उपयोग झाला नाही. तेव्हा त्यानं उपरणं झटकलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "एक वाजता सोलापूरची मालमोटार हाय. आमाला गावात उतरवील. त्याला आपल्या मातीत डोळे मिटू द्या." डॉक्टर म्हणाले, "तुळजापूरचा घाट उतरेपर्यंतसुद्धा टिकायचा नाही तो." "मंग हितं तरी काय टिकायलाय?" थोरला म्हणाला. तो दुष्ट नव्हता, डोळे पुसत होता. डॉक्टर माझ्याकडे वळले. "एक वाजेपर्यंत ओ दिली, तर मी कुणाच्या बापाला नेऊ देणार नाही. नाही दिली, तर मी कुठल्या तोंडानं अडवू?"

साडेअकरा वाजले होते. थोरल्याला मी मोटारीची चौकशी करायला पिटाळलं, कारण तो समोर असताना बाईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मग तिच्याजवळ बसले. "घरी यांना नावानं कोण हाक मारतं?"

"कुनीच न्हाय. सासूबाई मारायच्या. त्या गेल्या."

"आणि तुम्ही?"

"अवं म्हनते."

"मग म्हणा."

तिनं पदर सावरला, वाकली आणि हाक मारली, "अवंऽ, ऐकलं का?"

"ओ!" सात-आठ खाटांवरून एकदम ओ आली. कुणी "काय गं?" म्हणालं, कुणी झोपेतून उठून चपला शोधायला लागलं. वॉर्डातल्या निम्म्या पुरुषांना आयुष्यभर ह्याच हाकेनं उठवलेलं. नाही उठला तो फक्त हिचा.

मला रडू येत होतं आणि हसूही, आणि त्या दोन्हींचा रागही. म्हटलं, "उखाण्यात तर नाव चालतं ना? उखाणा घ्या." भर दुपारी, परक्या पंधरा पुरुषांपुढं त्या बाईनं उखाणा घेतला.

"घाटाच्या वाटंला वळणं सतरा,
… नाव घेते, आता खाली उतरा."

मधलं नाव तिनं पदरातच गिळलं. शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आलं नाही, मग बेशुद्धाला काय येणार? वॉर्डाला मात्र उखाणा फारच आवडला. चौथ्या खाटेनं "वा!" केलं, आणखी एकाची फर्माईश झाली. मी ओरडले तेव्हा गप्प बसले.

"बाई, गिळू नका. मोकळ्या तोंडानं नाव घ्या. दुसरा उपाय मला ठाऊक नाही."

तिनं विचारलं, "आन् आयुष्य कमी झालं म्हंजी?"

मी शास्त्र सांगितलं, समजूत घातली, शेवटी रागावलेसुद्धा. ती मान हलवत राहिली. तिच्या लेखी मी त्याला वाचवायला सांगत नव्हते, मारायला सांगत होते. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी रागावले नसते.

बाहेर मालमोटारीचा भोंगा वाजला. थोरला दोन हमाल घेऊन आत आला. "चला, जल्दी करा." त्यांनी चादरीची चार टोकं धरली, आणि नवऱ्याचं डोकं उशीवरून निसटून एका बाजूला कललं.

ते पाहून ती बाई उठली. डोक्यावरचा पदर पडला, थोरल्या दिरासमोर पडला, आणि तिनं तो उचलला नाही. नवऱ्याचे दोन्ही खांदे धरून तिनं सबंध नाव घेतलं, बापाच्या नावासकट, अंगणातून शेतातल्या माणसाला मारतात तशा आवाजात. आणि वर म्हणाली, "ऊठ की रं! तुला मराया न्यायलेत! ऊठ!"

वॉर्डात कुणी ओ दिली नाही.

त्याचा एक डोळा किलकिला झाला. ओठ हलले, जीभ जड होती, पण शब्द कळले. "कुनाला… अरे-तुरे… करायलीस?"

हमालांनी चादर सोडली. मी डॉक्टरांना बोलवायला धावले. डॉक्टर आले, वाकले, त्यांनी विचारलं, "बोट दाबा बघू." त्यानं दाबलं. मग रोग्यानंच विचारलं, "माझं नाव… कुनी घेतलं?"

ती भिंतीला टेकली होती, रंग उतरलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी घेतलं," मी म्हणाले.

"सिस्टरबाईनंच!" सगळा वॉर्ड एका सुरात म्हणाला. थोरल्यानं क्षणभर भावजयीकडे पाहिलं आणि तोही म्हणाला, "व्हय, बाईनंच." रोग्यानं डोळा मिटला. "मंग ठीक हाय," म्हणाला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की हाकेला ओ देतो, आणि मालमोटार परत पाठवली.

थोड्या वेळानं मी व्हरांड्यात गेले. ती तिथं एकटीच उभी होती आणि स्वतःच्या गालांवर हलकेच मारून घेत होती. मला पाहून थांबली.

"किती वर्सं कमी झाली असतील ओ त्यांची?"

कसलं शास्त्र आणि कसलं काय! मी म्हणाले, "झालंच तर एखादं."

"येकच ना?" ती म्हणाली. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि आत जायला वळली. "मंग तेवढं माझ्यातलं घे म्हनते देवाला."