एक नाव कमी पडत होतं

कुठल्याही कमिटीचे मिनिट्स दोन प्रकारचे असतात. एक टाइप करून फाइलला लावायचे. ते कुणीही वाचत नाही. दुसरे ड्राइव्ह करताना आठवतात आणि सिग्नलला एकटंच हसू येतं. अमेरिकेतल्या डब्लिन गावातल्या आमच्या घरापासून युनिव्हर्सिटी चाळीस मिनिटांवर, त्यामुळे दुसऱ्या प्रकारचे माझ्याकडे भरपूर साठलेत!

*

२००४ साल. मी मॅथ्स डिपार्टमेंटला नवीन लागले होते. मिटिंगमध्ये आमचा हेड बॉब म्हणाला, "आपल्याकडे ऑनर सोसायटीचा चॅप्टर सुरू करायचाय. सोसायटीचा अनुभव कुणाला आहे?"

मी लगेच हात वर केला. "मला! पुण्यात तीन वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते!"

घरी येऊन इंटरनेटवर शोधलं, तेव्हा कळलं की ही हुशार विद्यार्थ्यांची संस्था असते आणि चॅप्टर म्हणजे तिची शाखा. उत्तम मार्कांची मुलं निवडायची आणि समारंभ करून त्यांना मेंबर करून घ्यायचं. माझा सगळा अनुभव पाण्याच्या टाकीचा आणि पार्किंगचा!

दुसऱ्या दिवशी बॉबला खरं ते सांगून टाकलं. त्यानं शांतपणे विचारलं, "तुमच्या मिटिंगला लोक यायचे?"

"भांडायला यायचे."

"यायचे ना? मग तूच कर."

*

संस्थेच्या नावात ग्रीक अक्षरं. त्यातलं एक 'पाय'. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पाय? आणि डोकं कुठंय?"

मला मात्र कुतूहल, की खरे ग्रीक लोक हे कसं म्हणत असतील? हिस्टरीला एक ग्रीक प्रोफेसर होते, त्यांना जाऊन विचारलं.

"आम्ही 'पी' म्हणतो," ते म्हणाले.

"मग समारंभात आपणही बरोबर म्हणू या की!"

"अजिबात नको," ते गंभीरपणे म्हणाले. "इथल्या मुलांच्या कानाला ते शू केल्यासारखं ऐकू येतं."

*

हेड ऑफिसची अट होती, चॅप्टरला किमान बारा मेंबर हवेत. मी वीस मुलांना पत्रं पाठवली. 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे.' पंधरा दिवसांत उत्तरं आली चार!

एका मुलाला कॉरिडॉरमध्ये गाठलं. तो म्हणाला, "सॉरी प्रोफेसर, फाडून टाकलं. माझी निवड झाल्याची तीन पत्रं रोज येतात. सगळी क्रेडिट कार्डवाल्यांची!"

मग मी एकेकाला वर्गात पकडून सांगितलं. अकरा झाले. एक नाव काही केल्या मिळेना.

*

एक दिवस युनिव्हर्सिटीच्या कॅफेटेरियात सूप वाढणाऱ्या मार्जीबाई माझ्या ऑफिसात आल्या. वय अठ्ठावन्न. दर सेमिस्टरला एकच कोर्स घ्यायच्या, माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायच्या. त्यांच्या होमवर्कवर तेलाचे डाग असायचे आणि चूक एकही नसायची. इंग्रजीत मी त्यांना 'यू' म्हणत असले, तरी मनात कायम 'अहो'च!

त्यांनी माझं पत्र टेबलावर ठेवलं. व्यवस्थित घडी घातलेलं. "चुकून माझ्याकडे आलंय."

"चुकून नाही. कॅल्क्युलसच्या तिन्ही कोर्सेसना तुम्हाला 'ए' आहे."

"ते आहे. पण ही तरुण मुलांची गोष्ट आहे, प्रोफेसर. मी त्यांना जेवण वाढते."

पत्र तिथंच ठेवून त्या निघून गेल्या. मला रुखरुख लागली. खरंच असा काही नियम असेल का? हेड ऑफिसला फोन लावला. वय सांगितलं, पार्ट-टाइम सांगितलं, कॅफेटेरियाही सांगितला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, आमच्या फॉर्मवर मार्कांचा रकाना आहे. सूपचा नाही."

मी तशीच कॅफेटेरियात गेले आणि लाइनमध्ये उभी राहिले. माझा नंबर आल्यावर त्यांना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मार्जीबाईंचा डाव हातातच राहिला. मागची मुलं खोळंबली.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "समारंभाच्या दिवशी जेवण कुणाचं?"

"तुमच्याच किचनचं."

"मग येते. आमचं सूप बसून प्यायलं तर कसं लागतं, ते तरी कळेल."

*

समारंभात प्रत्येक मेंबरनं मेणबत्ती पेटवायची असते. आमच्या शेजारचे रिटायर्ड इंजिनिअर कुलकर्णी काका मदतीला आले होते. ऐनवेळी फायर सेफ्टीवाले म्हणाले, "हॉलमध्ये ज्योत चालणार नाही." काका धावत जाऊन बॅटरीवरच्या मेणबत्त्या घेऊन आले, आणि खोका उघडून मटकन खुर्चीत बसले.

"ज्ञानाची ज्योत," काका म्हणाले, "आणि खोक्यावर लिहिलंय, बॅटरीज नॉट इन्क्लुडेड!"

*

मग सह्या. टेबलावर नवंकोरं जाड रजिस्टर. बॉब नाव पुकारणार, मेंबरनं येऊन सही करायची. अकरा मुलं भराभर सह्या करून गेली.

"मार्जी डेव्हिस!"

मार्जीबाई निळा ड्रेस घालून आल्या होत्या. पेन हातात धरून त्या बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मला वाटलं, आता परत फिरतात की काय! मग वाकून, एकेक अक्षर नीट काढत त्यांनी सही केली.

बॉबनं पानावर नजर टाकली आणि तो गोंधळला. मीही पुढे होऊन बघितलं. पानावर लिहिलं होतं, 'मार्जी कोवाच'.

"मार्जी," बॉबनं हळूच विचारलं, "ही कोण?"

मार्जीबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"माहेरची मार्जी. नववीतून शाळा सोडून गेली ना, ती."