सुलतानच्या जोडीला

सर्वप्रथम क्षमा मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. बाबांनी अंगठे मात्र बरेच उठवले आहेत. त्यामुळे लिहायला सुरुवात कुठून करतात हे विचारावं असंही घरात कोणी नाही. म्हणून घडलं तेच सरळ सांगतो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना मला एका कुत्र्याबरोबर जुंपलं होतं.

जुंपलं म्हणजे जुंपलंच! अलंकारिक अर्थाने नव्हे. (अलंकार आम्हाला नंतर होते.)

आमचं गाव मौद्याच्या पलीकडे. तिथून सकाळची एस.टी. धरली तरी कॉलेजात पोचेपर्यंत निम्मे वर्ग होऊन गेलेले असायचे. वसतिगृह भरलेलं, नागपुरात नातलग कोणी नाही. अशा वेळी सक्करदऱ्याच्या मोहितेसाहेबांनी घरामागची लाकडं ठेवायची खोली मला द्यायचं कबूल केलं. साहेब जंगल खात्यातून निवृत्त झालेले. मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या.

"भाडं नको मला," साहेब म्हणाले. "फक्त सुलतानला चालायला शिकवायचं. तुला कुत्र्यांची सवय आहे का?"

खोटं बोलणं मला जमत नाही. मी म्हणालो, "जनावरांची आहे, साहेब."

ते खूश झाले. जनावर म्हणजे बैल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सुलतान हा अल्सेशियन होता. उभा राहिला की माझ्याएवढा, आणि खाण्यापिण्यात माझ्यापेक्षा बराच पुढे. हिवाळ्यात कुत्र्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे त्याने 'हील' म्हणताच मालकाच्या डाव्या पायाशी यायचं, टाचेला लागून चालायचं, मागे नाही, पुढे नाही, आणि सगळा वेळ मान वर करून मालकाच्या तोंडाकडे बघायचं.

"जमलं तर बी.ए. होईस्तोवर खोली तुझी," साहेब म्हणाले. "मैदानात माझी इज्जत गेली, तर त्याच दिवशी सामान बांधायचं!"

म्हणजे खोली गेली की कॉलेज गेलं, आणि कॉलेज गेलं की मी परत वखरामागे. हे सगळं आता एका कुत्र्याच्या पायांवर होतं.

पहिल्या दिवशी मी साखळी धरून अदबीने म्हणालो, "हील." सुलतानने माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्याच क्षणी आम्ही दोघं भाजीवाल्या बाईच्या मेथीत होतो. तिथून न्हाव्याच्या दुकानात, तिथून एका लग्नाच्या मांडवात (नवरीची मावशी खुर्चीवर चढली!), आणि तिथून तळ्याच्या काठाने घरी. पानठेल्यावरची पोरं रोज वाट बघू लागली.

"काय बे, कोण कोणाले फिरवून राहिला?"

"साखळी कुत्र्याच्या हातात दे ना बे! तो चांगला सांभाळते तुले!"

असे पुष्कळ दिवस गेले. मग मला गावची रीत आठवली. नवा गोऱ्हा कामाला शिकवायचा तर त्याला शब्दांनी सांगत नाहीत. जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला जुंपतात. जुना चालतो तसा नवा चालतो. झालं! सुलतानला हवा होता एक शहाणा जोडीदार. मी सक्करदऱ्यातली कुत्री पाहून घेतली. सायकलींच्या मागे लागण्यापलीकडे एकाचंही शिक्षण झालेलं नव्हतं. मग शहाणं, सोशिक आणि रिकामं असं एकच जनावर उरलं. तो मी.

मच्छरदाणीची काठी घेतली. एक टोक सुलतानच्या पट्ट्याला बांधलं, दुसरं माझ्या मांडीला. आता त्याला पुढे जाता येईना, मागे राहता येईना. (मलाही येईना.) तळ्याजवळच्या मोकळ्या मैदानात आम्ही जोडीने पडत-उठत निघालो. तेवढ्यात आमचे इंग्रजीचे सर सायकलवरून आले. उतरले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तू माझ्या वर्गातला ना?"

"हो सर."

"बरं, बरं. चालू दे." आणि सर भराभर पायडल मारत निघून गेले. त्यानंतर वर्गात त्यांनी मला एकदाही प्रश्न विचारला नाही.

त्याच आठवड्यात हुरड्याची पिशवी घेऊन बाबा गावाहून आले. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या मंडळींनी, त्यांना मैदानाकडे पाठवलं. बाबा आले आणि शेताच्या धुऱ्यावर उभं राहावं तसे मैदानाच्या कडेला उभं राहून बघतच राहिले.

"वामन्या, हे काय होय गा?"

"बाबा, हे खोलीचं काम होय."

"तुले बैलामांगं चालाचं काम नोको पडाले म्हणून शिकाले धाडलं," बाबा हळू आवाजात म्हणाले, "अन् तू त इथं बैलाच्याच जागी येऊन उभा राहिला!"

मी ओशाळून एक पाऊल मागे सरकलो. सुलतानही सरकला, काठी एकच होती. मी सगळं सांगितलं. खोली गेली तर काय होईल तेही. बाबांची नजर मात्र काठीवर होती. शेवटी राहवलं नाही त्यांना.

"अन् असं बांधतेत काय रे लेका? जू वाकडं हाय तुयं! सरक उजवीकडं!"

त्यांनी काठी सरळ केली, तिला एक दोर बांधून मागे घेतला, आमच्या मागे उभे राहिले आणि जिभेने 'टॉक टॉक' असा आवाज काढून ओरडले, "चाल माह्या राजा!"

सांगायला संकोच वाटतो, पण त्या आवाजाला सुलतानच्या आधी मी चाललो.

सुलतानही चालला! मैदानाच्या टोकापर्यंत सरळ. तिथे बाबांनी आम्हाला वळवलं, आणि एक पाऊल सोडून शेजारच्या ओळीने परत आणलं. पुन्हा टोक, पुन्हा वळण. जन्मभर बाबा जमिनीवर दुसऱ्या कोणत्या पद्धतीने चाललेच नव्हते. सगळं मैदान झालं की कडुनिंबाखाली येऊन ते म्हणत, "सुटलं!" आणि आम्हाला सोडून दोघांना भाकर देत.

तोंडाकडे बघायचं कसं शिकवायचं, हा प्रश्नही त्यांनीच सोडवला. भाकरीचा तुकडा माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. सुलतान मान वर करून खिशाकडे असा बघायचा, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं ही जन्मोजन्मीची निष्ठा आहे!

बाबा मुक्कामाला राहिले. हळूहळू काठी सुटली, दोर सुटला. पण जोडीला काही तरी बंधन पाहिजे म्हणून बाबा आपला दुपट्टा माझ्या गळ्यात बांधत. शेवटी "सुटलं!" म्हणून तो काढला, की सुलतान आपोआप थांबून बसायचा. साहेबांनी येऊन पाहिलं आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"शाब्बास रे वामन! माझ्या तोंडाकडेही असाच बघेल ना हा?"

"बघेल, साहेब," मी म्हणालो. मनात म्हटलं, कोटाला खिसा असला म्हणजे झालं.

कोटाला खिसा होता. प्रदर्शनासाठी साहेबांनी गांधीबागेतून कापड आणून खास सूट शिवला होता. त्यावर लाल टाय. सकाळी काकू रुमालाला इस्त्री करत होत्या, तेवढ्यात मी भाकरीचा चांगला मोठा तुकडा साहेबांच्या खिशात सरकवला. वर रुमाल आला.

मैदानात तोबा गर्दी. परीक्षक म्हणून एक बाई आणि दोन गृहस्थ टेबलाशी बसले होते. पुढे चहा, चिवडा. सुलतानचं नाव पुकारलं. मी साखळी घ्यायला पुढे झालो, तर साहेब म्हणाले, "हट! कुत्रा माझा, चालवणार मी."

सोपं काम होतं. निशाणापर्यंत जायचं, थांबायचं, कुत्र्याला बसवायचं.

"हील!" साहेब गरजले. सुलतान बसला.

"हील!!" सुलतान आडवा झाला.

लोक हसू लागले. साहेबांचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. मला माझी ट्रंक डोळ्यांसमोर दिसू लागली. मी कळवळून म्हणालो, "बाबा!" दोरीपलीकडे उभ्या असलेल्या बाबांनी जीभ टाळ्याला लावली. टॉक टॉक!

सुलतान ताडकन उठला आणि असा चालला, असा चालला, की काय सांगू! डावा पाय, टाच, वर केलेली मान, खिशावर खिळलेली नजर! टाळ्या पडल्या. परीक्षक बाई शेजारच्याला म्हणाल्या, "बघा, काय प्रेम आहे मालकावर!" निशाण आलं. साहेब थांबले.

सुलतान थांबला नाही. तो वळला. एक पाऊल सोडून, शेजारच्या ओळीने, साहेबांना घेऊन परत निघाला.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग तो या टोकाला आला, वळला, आणि पुन्हा निघाला. साहेब साखळी मागे ओढत होते, "स्टॉप! बस! अरे थांब!" पण तयार झालेलं जनावर असं मध्येच थोडंच काम सोडतं!

"काय पेरून राहिले साहेब?" गर्दीतून कोणी तरी ओरडलं.

"हरबरा!"

"ओलीत हाय का कोरडवाहू?"

एकेक ओळ सरकत सरकत टेबल जवळ येऊ लागलं. सुलतान ओळ सोडणार नाही, हे तिथे फक्त मला आणि बाबांना ठाऊक होतं. आणि तसंच झालं. सुलतान टेबलाच्या खालून गेला, साहेबांना वरून जावं लागलं. चहा बाईंच्या मांडीवर, चिवडा दोन्ही गृहस्थांवर!

"वामन्या!" बाबा दोरीखालून घुसत ओरडले. "सोड त्यायले! सोडल्याबिगर थांबत नाही थो!"

मी धावलो. साहेबांच्या बाजूने पळत पळत त्यांच्या गळ्याला हात घातला.

"काय करून राहिला रे तू? हात काढ!"

"साहेब, टाय सोडावा लागते!"

"माझा टाय?"

सांगत बसायला वेळ नव्हता; पुढच्या ओळीत बँडवाले होते. मी टाय ओढून काढला आणि जीव खाऊन ओरडलो, "सुटलं!"

सुलतान जागच्या जागी बसला. एक जांभई दिली. मग दोन्ही पाय साहेबांच्या छातीवर ठेवून त्याने रुमालासकट, खिशासकट, भाकर खाल्ली. मैदानात इतक्या टाळ्या त्या दिवशी दुसऱ्या कोणालाच पडल्या नाहीत.

साहेब फाटक्या खिशाने रिक्षात बसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "वामन, सामान बांध."

ट्रंक डोक्यावर घेऊन बाबा आणि मी गावी आलो. आईने बाबांनाच धारेवर धरलं. "लेकराले साहेब कराले धाडलं होतं. तुमी जाऊन त्याचा बैल केला!"

"म्या नाही केला वं. म्या गेलो तवा थो झालाच होता."

मी रोज वखरामागे जाऊ लागलो. परीक्षा जवळ येत होती. पुस्तकं उघडायचा धीर होत नव्हता, बंद ठेवायचाही होत नव्हता. फाट्यावर एस.टी. थांबली की उगाच मान वर व्हायची.

आणि एक दिवस कंडक्टर खिडकीतून ओरडला, "वामन कोण होय गा? सक्करदऱ्याच्या मोहितेबाईंचा निरोप हाय!"

आम्ही तिघंही धावलो. कंडक्टरला निरोप सांगताना हसू आवरत नव्हतं. सुलतान रोज सकाळी साहेबांना मैदानात नेतो आणि सगळं मैदान झाल्याशिवाय सोडत नाही. मध्येच थांबवता यावं म्हणून साहेब आता पायजम्यावर टाय बांधून फिरायला जातात. "बाई म्हणते, खोली झाडून ठेवली हाय. साहेबबी म्हणते, पोराले धाडा. कुत्र्याले चालाचं शिकवलं, आता थांबाचं शिकवून दे म्हणा."

आईने तिथेच डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की नागपूरच्या मोठ्या साहेबाचं आमच्या वामनवाचून चालत नाही. या गावातून नागपूरने मानाने बोलावून घेतलेला मी पहिलाच, असं मी चारचौघांत जरा संकोचानेच म्हणालो.

"दुसरा," बाबा म्हणाले. "पयले आपल्या ढवळ्या बैलाले बलावलं होतं, शेतीच्या प्रदर्शनात. अन् थो नंबर घेऊन आला होता."