घास उतरत नव्हता तेव्हा

"तुम्हांला काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या घशातून काढलेला छोटा आरसा पुसून त्यांनी डबीत ठेवला.

त्या दिवशी माझा कोट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. महिनाभर भाकरीचा घास घशाखाली गेला नव्हता. पेज आणि ताक, तेही चमच्याचमच्याने. आणि हा शिकलासवरलेला माणूस मला सांगत होता की काही झालेले नाही. मी विचारले, "मग घास का जात नाही?" त्यांनी कागदावर दोन इंग्रजी शब्द लिहून वाचून दाखवले: ग्लोबस हिस्टेरिकस. म्हणजे घशात गोळा नसतो, पण आहे असे वाटते, आणि घसा त्या नसलेल्या गोळ्यावर आवळून बसतो. "बहुधा बायकांना होतं हे," अशी भर त्यांनी घातली आणि ब्रोमाइडचे मिक्श्चर लिहून दिले. ब्रोमाइड म्हणजे झोप आणणारे खारट पाणी.

ज्याला क्षय झाला त्याला निदान नाव तरी सांगता येते. शेजारी हळहळतात, कोणी फळे आणून देते. मला कोणी विचारले तर काय सांगणार होतो? काही न झालेल्या आजाराने मी उपाशी मरत होतो आणि तसे म्हणायचीही चोरी होती. ज्या कोणाला असे ऐकून दवाखान्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या असतील, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

माझा धंदा पत्रे लिहिण्याचा आणि वाचून दाखवण्याचा. सोलापूरच्या पोस्टाच्या ओसरीत एक उतरते मेज आणि दौत घेऊन मी बसतो. गिऱ्हाईक बहुतेक गिरणीतले, मला मास्तर म्हणणारे. चाळीत पोस्टमन कोणाचेही कार्ड कोणाच्याही हातात देई, म्हणून पुष्कळ जण माझाच पत्ता देत. त्यांची पत्रे माझ्याकडे येत आणि मी ती वाचून दाखवी.

आजार माघात सुरू झाला. घरी आम्ही दोघेच, मूलबाळ नाही. साधे रात्रीचे जेवण, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी. तिसरा घास मध्येच थांबला. वर पाणी प्यालो तर ते नाकातून आले. दुसऱ्या दिवशी तेच, आणि आठवड्याभरात ताट पाहिले की हातपाय गार पडू लागले.

बायको जेऊरकडची, बोलायला फटकळ आणि हाताला चव असलेली. तिने भाकरी कुस्करून दिली, दुधात भिजवून दिली, मऊ भात केला. मी दोन घास तोंडात घोळवून मोरीत टाकून येई. एके दिवशी तिने ते पाहिले. "माज्या हाताला काय इख लागलंय का वो? तसं आसंल तर तोंडानं सांगा की!" आठ दिवसांनी ती भावाकडे जेऊरला गेली. मीच तिला गाडीत बसवून दिले. थांब म्हणावे असे फार वाटत होते, पण म्हणालो नाही.

मग मी एकटाच उपचारांच्या मागे लागलो.

नव्या पेठेत एका डॉक्टरांकडे विजेची बॅटरी होती. फॅरॅडिक करंट, म्हणजे थांबून थांबून येणारे विजेचे बारीक झटके. ओल्या फडक्याच्या दोन गाद्या ते गळ्याला लावीत, पेटीची मूठ फिरवीत आणि झटका बसला की खेकसत, "गिळा!" पहिल्या दिवशी मी घाबरून अख्खे केळे गिळले. मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले. सहाव्या खेपेपर्यंत घसा निर्ढावला. विजेला भीक घालीना, खेकसण्याला तर नाहीच.

पुढे एका निवृत्त वकिलांकडे गेलो. ते ऑटो-सजेशन शिकवीत, म्हणजे आपणच आपल्या मनाला चांगली सूचना देत राहायची. त्यांनी वीस गाठींची दोरी दिली. झोपताना एकेक गाठ चाचपीत म्हणायचे, माझा घसा मोकळा आहे, माझा घसा मोकळा आहे. वकील मोठे सज्जन होते, फी घेत नसत. पण दुसऱ्यांच्या तोंडची वाक्ये लिहिण्यात माझा जन्म गेलेला. कोणते वाक्य पोकळ आहे हे मला ऐकताक्षणी कळते. दोरीवरच्या बाराव्या गाठीला मला स्वतःचेच हसू येई.

त्यांनी एकदा हळूच विचारले, "मनाला काही लागलं आहे का तुमच्या?"

"छे, काही नाही," मी म्हणालो. ते खोटे होते. काय लागले होते ते इथेच सांगून टाकतो.

तानूबाई नावाची एक विधवा गिरणीत कामाला होती. तिची आधीची मुले जगली नव्हती, म्हणून या एकाचे नाव दगडू ठेवलेले. दगडू कराचीच्या बंदरात हमालीला गेला होता आणि त्याची कार्डे माझ्या पत्त्यावर येत. भाद्रपदात, गणपती उठले त्या आठवड्यात, एक कार्ड आले. आपल्याकडे मरणाची बातमी असेल तर पत्राचा कोपरा फाडतात. अडाणी माणूसही ते पाहून उंबऱ्याबाहेर थांबतो. पण हे कार्ड तिकडच्या मुकादमाने मोडक्या हिंदीत लिहवून घेतलेले, त्याला आपली रीत कुठून ठाऊक असणार? कोपरा शाबूत होता. मी ते हातात घ्यायला आणि तानूबाई समोर यायला एकच गाठ पडली.

"काय म्हन्तंय माजं दगडू?" तिने हसत विचारले. मी कार्डावर नजर टाकली. दगडू तापाने गेला होता, दहनही उरकले होते. गिरणीची मधली सुट्टी संपत आली होती, तिला परत यंत्रापुढे उभे राहायचे होते.

"बरा आहे," मी म्हणालो. उद्या सांगू, असे मनात धरले.

उद्या ती उत्तर लिहून घ्यायला आली. ते मी लिहिले, पण पोस्टात टाकले नाही. मग त्या उत्तराला उत्तर यायला हवे होते. एक जुने कार्ड हातात धरून मी मनानेच वाचले. दगडू मुकादमाच्या मर्जीत आहे, संध्याकाळी समुद्रावर फिरतो, आईची आठवण काढतो. खऱ्या दगडूने कधी आठवण काढल्याचे मला ठाऊक नव्हते. तानूबाईचा चेहरा असा फुलला की पुढच्या खेपेला मी आणखी रंगवले. लपवायचे कशाला, मला त्यात गोडी लागली होती. कोणीतरी माझ्या तोंडून आपल्या मुलाचे बोलणे ऐकत होते आणि मला मूल नव्हते. असे महिन्यामागून महिने चालले. कोणाला सांगायची सोय नव्हती, बायकोलाही नाही.

घशाचा आणि याचा संबंध मला तेव्हा लागला नव्हता. लागला असता तरी मी तो मानला नसता.

चैत्राच्या अखेरीस उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मी मोठ्या इस्पितळात दाखल झालो. तिथल्या बड्या डॉक्टरांनी रेस्ट क्युअर सांगितला. म्हणजे वेगळी खोली, दर दोन तासांनी दूध, वाचायचे नाही, लिहायचे नाही, बोलायचे नाही, भेटायला कोणी यायचे नाही. शेवटच्या अटीचे मला हसू आले. येणारे होतेच कोण? खिडकीतून एक भिंत दिसे. शेजारच्या वॉर्डात नातलगांची गर्दी होई, डबे उघडल्याचा वास येई, कोणीतरी कानडीत कोणाला तरी रागे भरे. मला रागे भरणारेही कोणी नव्हते. भिंतीकडे तोंड करून मी रडत असे.

दहाव्या दिवशी दूधही अडू लागले. बडे डॉक्टर म्हणाले, "आता नाकातून नळी घालावी लागेल. पण नळीवर माणूस फार काळ तग धरत नाही, हे सांगून ठेवतो." नळीआधी त्यांनी मला दहा दिवसांची मुदत दिली.

त्याच दिवशी त्यांच्या हाताखालचा तरुण डॉक्टर खोलीत आला. नुकताच मुंबईहून शिकून आलेला, बोलताना चष्मा पुसत राहणारा. त्याने सायको-ॲनॅलिसिसवर वाचले होते. म्हणजे मनाची उकल, रोग्याने मनात येईल ते बोलायचे आणि डॉक्टरने ऐकायचे. "मला ही विद्या पुरती येत नाही," तो म्हणाला, "पण ऐकता येतं. मोठ्या साहेबांची परवानगी काढली आहे. रोज अर्धा तास."

तो माझ्या उशाशी, मला दिसणार नाही असा बसे. तीन दिवस मी त्याला माझ्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या. कोणाची सून नांदत नाही, कोणाचा भाऊ वाटणी मागतो. त्याला हसवलेसुद्धा. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ही सगळी तुमची गिऱ्हाइकं झाली. यात तुम्ही कुठं आहात?"

तो वाट पाहत बसून राहिला. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे ऐकत आलो होतो, पण माझ्यासाठी असे कोणी थांबून राहिले नव्हते. मग मी कार्डाची हकिकत सांगितली, पहिल्यापासून.

त्या संध्याकाळी मी वाटीभर पेज प्यालो. नर्स धावत सांगायला गेली. दोन दिवस पेज जात राहिली आणि तिसऱ्या दिवशी घसा पुन्हा बंद. मी डॉक्टरवर चिडलो. "सगळं सांगून टाकलं की! मग?"

"कोणाला सांगितलंत?"

"तुम्हांला."

"ती बातमी माझी होती का?" त्याने चष्मा पुसला. "जा असं मी म्हणणार नाही. त्या बाईंचं काय होईल ते मला ठाऊक नाही. स्वतःला बरं वाटावं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. तिचं आहे ते तिला द्यायचं असेल तर जा."

दोन दिवस मी पडून विचार केला. तानूबाई जिवाचे काही बरेवाईट करील, दहाजणांत माझे वाभाडे काढील, गिरणीतले एकही माणूस पुन्हा माझ्यापुढे बसणार नाही. हे सगळे होण्यासारखे होते. तरी ते कार्ड तिचे होते, माझे नव्हते. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी मी इस्पितळातून परवानगी काढून, टांगा करून घरी गेलो, मेजाच्या खणातून कार्ड काढले आणि तिची चाळ गाठली.

"आगं बया, मास्तर! किती वाळलाव वो! बसा की," ती म्हणाली आणि लगेच, "कार्ड आलं व्हय?"

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. "आलं होतं, भाद्रपदात. मी तुम्हांला खोटं वाचून दाखवलं."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग कार्डाकडे. तिथेच खाली बसली. "वाच," म्हणाली. आजवर ती माझ्याशी कधी एकेरीत बोलली नव्हती.

मी वाचले. जसे लिहिले होते तसे, मोडक्या हिंदीसकट, आणि मराठीत सांगितले. तिने पुन्हा वाचायला लावले. मग ती बोटे मोजू लागली. "दसऱ्याला सोनं वाटलं. दिवाळीला अंगाला त्याल लावलं. पाडव्याला पोळी क्येली. माजं लेकरू जळून गेलं आन मी सण करीत हिंडले. ना आंगूळ, ना सुतक, ना दहावा. मास्तर, तू मला रडू बी दिलं न्हाईस."

मी दया केली असे इतके दिवस समजत होतो.

शेजारणी जमल्या. त्यांनी तिच्या डोक्यावरून सुतकाचे पाणी ओतले आणि मग ती ओरडली. तो आवाज मी विसरणार नाही. मी गल्लीत गटाराच्या कडेला बसून राहिलो. मला कोणी जा म्हटले नाही, ये म्हटले नाही.

दिवस कलल्यावर कोणीतरी पिठले-भाकरी आणून दिली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचेच अन्न येते. तो पहिला कडू घास भाऊबंदांबरोबर खायचा असतो. तिला भाऊबंद नव्हते. आतून तिची हाक आली, "मास्तर, हितं ये."

तिने भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे ठेवला. "इतकं म्हैनं त्येच्या तोंडानं बोललास न्हवं? मग त्येचा कडू घास बी तूच खा. मी एकली कशी खाऊ?"

मला घसा आवळण्याची भीती वाटली. त्याहून मोठी भीती अशी की माझा घास अडला तर हिचाही अडेल. मी तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. तो गेला. दुसराही गेला. आम्ही दोघे खाली बघून जेवलो. संपल्यावर तिने माझी ताटली उचलली.

"आता जावा. माज्या दारात पुन्ना येऊ नगा."

अंग भरायला पुढे दोन-तीन महिने लागले. घसा अजूनही कधीमधी आवळतो, पण सोडतो. बायकोला मी सगळी हकिकत लिहून कळवली. स्वतःचे म्हणून लिहिलेले माझे ते पहिलेच पत्र. ती आली, चार दिवस घुश्शात राहिली, मग भाकरी थापायला बसली. बॅटरीवाल्यांना आणि दोरीवाल्या वकिलांना मी नावे ठेवत नाही. त्यांच्या उपायाने बरी झालेली माणसे मी पाहिली आहेत. पण मला जीवदान मिळाले ते त्या तरुण डॉक्टरमुळे. पुढे त्याची बदली झाली. त्याचे ऋण मी मानतो. तुम्हांला काही झालेले नाही असे कोणी म्हटले तर खचू नका. अर्धा तास ऐकून घेणारा माणूस शोधा, आणि त्याला आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी सांगत बसू नका.

आता कार्ड हातात आले की मी आधी मनात वाचत नाही. समोरच्याला खाली बसवतो आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत जातो. पुढे काय आहे ते मला आणि त्याला एकदमच कळते.

तानूबाई कधीकधी ओसरीपुढून जाते. तिला आता कोणाचे पत्र येत नाही. ती माझ्याकडे पाहत नाही, मीही हाक मारत नाही. तिने मला क्षमा केलेली नाही. दगडूचा कडू घास मात्र तिच्याबरोबर मी एकट्यानेच खाल्ला, आणि हे आम्ही दोघेही विसरलेलो नाही.