वसुधाताईंचं आठवं प्रकरण

वसुधाताई गेल्याची बातमी मला ईशानने दिली. ईशान माझा मुलगा, इथे इंग्लंडमध्येच ब्रिस्टलला विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत आहे. मी सकाळी किटलीत जड पाण्याने साचलेला चुना खरवडत होते, फोन वाजला, आणि माझा पंचवीस वर्षांचा मुलगा पलीकडे रडत होता. "मम, वसुधा आंटी इज गॉन," एवढंच म्हणाला. ब्रॅकनेलमध्ये त्यांच्या घरापासून चालत अकरा मिनिटांवर मी राहते, आणि मला बातमी ब्रिस्टलहून. मला रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते सांगूनच टाकते... माझ्यासाठी हा कधी असा रडेल का?

आज सहा आठवडे झाले. मराठी मंडळाने ताईंच्या आठवणींच्या पुरवणीसाठी लिहाल का असं विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्याकडून गोड लिहून होणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. वसुधाताई जिवंत असताना त्यांच्यासमोर कुणाला बोलता यायचं नाही, आता त्या गेल्या म्हणून बोलायचं नाही, मग माणसाने बोलायचं तरी कधी? शोकसभेत बोलायचं ते सगळ्यांनी बोलून घेतलं. मी मागच्या रांगेत बसून चहाच्या कपांवर लक्ष ठेवलं.

ज्यांना त्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्या पुण्याच्या. यजमान सुहासराव डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचे. मुलं मोठी झाल्यावर वसुधाताईंनी पीएच.डी. केली, विषय शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतला. कारखाने धडाधड उभे राहत होते, बोटी भरभरून गरीब माणसं तिथे उतरत होती, एका खोलीत दहा-दहा जण राहत होते, तेव्हा शिकल्या-सवरलेल्या, खात्यापित्या घरच्या काही बायका त्या वस्त्यांत जाऊन राहिल्या. पाळणाघरं काढली, न्हाणीघरं बांधली, कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी कायदे मागितले, मतदानाचा हक्क मागितला. हे सगळं मला वसुधाताईंनीच सांगितलंय, एकदा नाही, पन्नासदा. त्या बायकांची कामं मोठी होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं वसुधाताईंबद्दल आहे. अमेरिका शंभर वर्षं लांब होती, पण ब्रॅकनेलला आयटी कंपन्यांत आपली पोरं येऊ लागली, त्यांच्यामागून आम्ही बायका आलो, आणि वसुधाताईंना घरबसल्या वस्ती मिळाली.

त्या भेटीला यायच्या. बोलावणं लागत नसे. जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी डॉक्टरकडे, नाव कसं घालायचं, कचऱ्याच्या कुठल्या बिनमध्ये काय टाकायचं, कौन्सिलला पत्र कसं लिहायचं, हे त्यांनीच शिकवलं. नाही म्हणत नाही, मी खाल्ल्या मिठाला जागते. पण शिकवता शिकवता त्यांचे डोळे घरभर फिरायचे. फ्रिज उघडून बघायच्या. माझ्या लोणच्याच्या बरण्या बघून एकदा म्हणाल्या, की त्या अमेरिकेतल्या बायकाही इटलीहून आलेल्या आयांना सांगायच्या, लसूण कमी करा, लोणची बंद करा, मुलांना साधं खायला घाला. मला वाटलं, वेडगळ होत्या त्या, असं पुढे म्हणतील. त्या म्हणाल्या, डब्यात पोळी-भाजी देत जाऊ नकोस, सँडविच दे. आमच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे शंभर वर्षं जुनं उत्तर तयार असायचं.

ईशान तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. सुटे सुटे शब्द, तेही आम्हालाच कळणारे. लहान मुलांना बघायला घरी येणारी सरकारी हेल्थ व्हिजिटर आली होती, चांगली होती बिचारी, म्हणाली, तुम्ही बोलत राहा, कुठल्याही भाषेत बोला, येईल तो वळणावर. दुसऱ्या दिवशी वसुधाताई आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"तिचं काय जातंय बोलायला? दोन भाषांत मूल गोंधळतं. आजपासून घरात फक्त इंग्लिश."

"ताई, मला तेवढं इंग्लिश येत नाही हो."

"येईल. आणि नाही आलं तर कमी बोल."

मी कराडची, मराठी शाळेतली, बी.कॉम. झालेली. मला इंग्लिश येत होतं ते फॉर्म भरण्यापुरतं आणि बसच्या ड्रायव्हरला स्टॉप सांगण्यापुरतं. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, त्या एवढ्या शिकलेल्या, उगाच सांगतील का. आणि मी ऐकलं. कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती, मी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या मुलाशी इंग्लिशमध्ये बोलू लागले. ईट. कम. शूज. केअरफुल. नो. स्लीप नाऊ. हुकमाचे शब्द लवकर येतात. लाडाचे येत नाहीत. डार्लिंग, स्वीटहार्ट म्हणून पाहिलं, पण ते दुकानातल्या बायका गिऱ्हाइकांना म्हणतात, तसंच माझ्या तोंडून यायचं. मग तेही सोडलं. मी कमी बोलू लागले.

पुढे साडेतीन वर्षांचा झाल्यावर ईशान भडाभडा बोलायला लागला. बोलला असता तसाही, पण श्रेय कुणाला गेलं ते सांगायला नको. चर्चच्या हॉलमध्ये आम्ही मराठी बायका दर शनिवारी जमायचो, तिथे प्रत्येक नव्या नवरीला माझं उदाहरण सांगितलं जाई. मी तिथे बसून हसत असे. नंतर मला सुपरमार्केटात टिलवर, म्हणजे गल्ल्यावर, काम मिळालं, तेव्हा शाळा सुटल्यावर ईशान वसुधाताईंकडेच जायचा. त्या त्याला गोष्टी सांगायच्या. कोळशातले दगड वेचणारी पोरं, पेपर विकणाऱ्या पोरांनी केलेला संप, शिवणाच्या कारखान्यातल्या मुली. त्यांचं इंग्लिश असं झुळझुळ वाहायचं की मीसुद्धा दाराशी ऐकत उभी राहायचे. सहा वाजता मी आत जायचे आणि म्हणायचे, "कोट. शूज. कम." तो माझ्याकडे जसा बघायचा तसं पोरं शाळेच्या घंटेकडे बघतात. पंधरा वर्षांचा असताना एकदा खूप भांडलो, कशावरून ते आता आठवत नाही. तो म्हणाला, "यू डोन्ट टॉक टु मी, मम. यू जस्ट इन्स्ट्रक्ट." इन्स्ट्रक्टचा अर्थ मला तेव्हा चांगला कळत होता.

सहा वर्षांपूर्वी वसुधाताईंचं पुस्तक आलं. मलाही एक प्रत दिली, सही करून. मी बसमध्ये जाता-येता ते वाचलं, फोनवर शब्दांचे अर्थ बघत बघत. आठव्या प्रकरणापर्यंत यायला मला महिना लागला. त्यात त्यांनी लिहिलं होतं की त्या सुधारणावाल्या बायका एका बाबतीत फार चुकल्या. त्यांनी परदेशातून आलेल्या आयांना सांगितलं, घरात मुलांशी इंग्लिशच बोला. त्यामुळे मुलं पुढे गेली आणि आया मुक्या झाल्या. आईची भाषा काढून घेणं म्हणजे मुलाकडून आईच काढून घेणं, आणि हा अन्याय कुणी कधी मोजला नाही, कारण तो घराच्या आत झाला... अशी वाक्यं. मी माझा स्टॉप चुकले. मागे चालत आले. म्हणजे बाईंना कळलं होतं! सगळं कळलं होतं, कारणासकट, परिणामासकट.

मग मी वाट पाहिली. आता येतील, बसतील, काहीतरी म्हणतील. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या परक्या बायकांसाठी तीस पानं लिहिलेल्या माणसाला अकरा मिनिटांवर एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? त्या आल्या, गणपतीत आल्या. साबुदाणा वडे केले होते, तीन खाल्ले. बॉयलर बदलला का विचारलं. जाताना दारात कोट घालत होत्या, तेव्हा मीच धीर केला.

"ताई, आठवं प्रकरण वाचलं मी."

त्यांचा चेहरा इतका उजळला. "छान जमलंय ना गं? परीक्षणातही त्याचंच कौतुक होतं."

आणि गेल्या. मी दार लावलं. लबाडी असती तर मला चाललं असतं, लबाडाला निदान ठाऊक असतं. यांनी चूक ओळखली, तिच्यावर लिहिलं, शाबासकी घेतली, आणि समोर उभी असलेली बाई त्यांना दिसली नाही. त्या दिवशी मी ठरवलं की माफ करायचं नाही. मृत्यूने त्यात काही फरक पडलेला नाही.

गेल्या आठवड्यात सुहासरावांनी बोलावलं. विद्यापीठाला ताईंचे कागद द्यायचे आहेत, अभ्यासिका आवरायला हात लावशील का म्हणाले. गेले. म्हाताऱ्या माणसावर कसला राग. खिडकीखाली बुटांचा एक खोका होता, त्यात पोस्टकार्डाएवढी कार्डं, ओळीने लावलेली. "यात आपली सगळी मंडळी आहेत बघ," ते म्हणाले आणि चहा टाकायला गेले. नावं नव्हती, नंबर होते. घर एक, घर दोन. आमची नावं ताईंना कधी लागली नाहीत हे माझ्यासाठी नवीन नव्हतं, तरी अंगाचा तिळपापड झाला. सातव्या कार्डावर तळमजला, निळं दार, आई कराडची, मुलगा तीन वर्षांचा. बारीक, वळणदार इंग्लिश अक्षर.

लिहिलं होतं: आई मुलाशी दिवसभर बोलते. त्याला हसवायला वॉशिंग मशीनशी भांडते, भाज्यांची लग्नं लावते. मुलाला ढोबळी मिरची अशा अर्थाचं काहीतरी नाव ठेवलंय. स्वतः फार हसते, मूल तिच्याकडे बघून हसतं. इतकं बोलकं घर या भागात दुसरं पाहिलं नाही.

मागच्या बाजूला तीन महिन्यांनंतरची तारीख होती. प्रगती चांगली. घर शांत.

मी खुर्चीवर बसले. ढब्बू... मी त्याला ढब्बू म्हणायचे. हे मीसुद्धा विसरले होते, आणि हे जगात कुठे टिकलं असेल तर त्या बाईच्या खोक्यात. तिच्यावर इतका राग मला आधी कधीच आला नव्हता. कार्डाच्या पुढच्या बाजूचा, वरची घराची ओळ सोडून, मी फोटो काढला आणि ईशानला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही, सुचलं नाही. सुहासराव चहा घेऊन आले तेवढ्यात त्याचं उत्तर आलं.

"धिस इज सो लव्हली, मम. हू इज द मदर? डू वी नो हर?"