खालून वर वाचणारा गवंडी

पंचावन्न वर्षांच्या त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला बांधलेलं ते वजन भिंतीशी सोडून इतर गवंडी भिंत सरळ आहे का ते बघतात. हा माणूस नुसता एक डोळा मिटून सांगे. नजर अशी, पण अक्षर म्हटलं की मान खाली. आयुष्यभर अंगठाच.

गेल्या हिवाळ्यापासून, कुणाला पत्ता लागू न देता, तो संध्याकाळी वाचनालयामागच्या खोलीत मोठ्यांच्या वर्गाला जाऊ लागला. शिकवणाऱ्या बाई त्याच्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्यापुढे चित्रांची कादंबरी ठेवली.

"बाई, पोरांची पुस्तकं मला कशाला?"

"यात सासू आणि सून एकाच शिलाई मशीनवरून भांडतात, काका. पोरांना काय कळणार त्यातलं?"

त्याने पान उघडलं आणि सगळ्यात खालच्या चौकटीपासून सुरुवात केली. आधी सासू घर सोडून गेली, मग भांडण झालं, मग मशीन घरात आलं.

"वरून या, काका," बाई हसू दाबत म्हणाल्या.

"वरून? पाया घातल्याशिवाय?"

खोलीभर हशा पिकला. मग बाईंनी बोलण्याच्या फुग्याला असलेलं शेपूट दाखवलं. "शेपूट ज्याच्या तोंडाकडे, शब्द त्याचे. आधी शेपूट बघायचं, मग वाचायचं." हे त्याला पटलं. चित्रावरून शब्दाचा अंदाज घ्यायचा, शब्दावरून चित्र पुन्हा तपासायचं, असं करत तो एकेक पान चढू लागला. खालून सुरुवात करायची खोड मात्र सुटली नाही.

आणि मग त्याच्याच बांधकामावर मजुरी करणारा त्याचा साडू तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला.

ओळंबा खालीच उभा होता. त्याने सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. साडू म्हणाला, "फळी हलतेय." मुकादम म्हणाला, "काही होत नाही, चढ." आता साडू खाटेवर होता, कमरेखाली मेलेला. चूक त्याचीच ठरली, तर त्याच्या औषधपाण्याकडे आणि घराकडे कुणी ढुंकून पाहणार नव्हतं.

आठव्या दिवशी चौकशीचे साहेब आले. पत्र्याच्या खोलीत ओळंब्याला बोलावलं. टेबलावर त्याच्या नावाने टाइप केलेला जबाब, शेजारी उघडा शाईचा पॅड.

"मिस्त्री, जे घडलं तेच लिहिलंय," मुकादम म्हणाला. "अंगठा ठेव आणि पळ, तिकडे कालवलेला माल सुकतोय."

"वाचतो."

"तू?" मुकादम मोठ्याने हसला. "साहेब, याला सिमेंटच्या गोणीवरचं नाव वाचता येत नाही!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं."

कागदाच्या वरच्या भागात मोठमोठ्या सरकारी शब्दांचा ढिगारा होता. तिथून निघाला असता, तर पाच मिनिटांत दुसरी ओळही गाठली नसती. पण नजर सवयीने तळाशी गेली. अंगठ्याच्या जागेच्या लगेच वरची ओळ. स्वतःच्या... चु... चुकीने... पडला.

तो एक ओळ वर चढला. 'काही होत नाही, असे म्हणून मजूर चढला.' आणखी एक ओळ वर. 'फळी हलते, असे मुकादमाने बजावले.'

शब्द ओळखीचे होते. तोंडं बदललेली होती.

"झालं का वाचून, पंडित?" मुकादमाने त्याचा अंगठा धरून पॅडकडे ओढला.

ओळंब्याने हात सोडवून घेतला. "शेपटं उलटी लावलीत, साहेब."

"कसली शेपटं?"

त्याने साहेबांच्या हातून पेन घेतलं. 'फळी हलते' भोवती त्याने फुगा काढला, त्याचं शेपूट समासात नेलं आणि तिथे लिहिलं: साडू. 'काही होत नाही' भोवती दुसरा फुगा. त्याच्या शेपटाशी एकेक अक्षर उभं राहिलं: मुकादम.

पत्रा उन्हाने तडतडत होता. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग मुकादमाकडे वळले.

"ती फळी कुठंय?"

मुकादमाने पॅडचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "जाळली, साहेब. चहाला."

"पडला त्याच दिवशी?"

साहेबांनी कागद ओळंब्याकडे सरकवला. "मिस्त्री, सही येते?"

त्याने 'स्वतःच्या चुकीने' हे शब्द खोडले आणि तळाशी आपलं नाव लिहिलं. मग एक डोळा मिटून पाहिलं. दोन अक्षरं कलली होती. ती त्याने तशीच राहू दिली.